सूचक तो, अनुमोदक मी

'मंजूर' हा शब्द कानावर पडला की मी अजून दचकतो. लग्नाच्या बैठकीत कुणी म्हणालं तरी दचकतो. परवा धाकट्या मुलीनं सांगितलं, की ती नोकरी सांभाळून एका मुक्त ऑपरेटिंग सिस्टीमच्या सोर्स कोडची देखभाल करते. जगभरची माणसं त्यात बदल सुचवतात, आणि एकानं केलेला बदल दुसऱ्यानं वाचून मंजूर केल्याशिवाय आत जात नाही. मोठ्या कौतुकानं सांगत होती. मी विचारलं, "वाचून करतात ना? खरंच वाचून?"

ती हसली. "बाबा, असं काय विचारता? न वाचता कोण कशाला करंल?"

करतात बाई. तुझ्या बापानं केलंय. हेच काम मी तुझ्या जन्माआधी केलं, तेही परंड्यात, पत्र्याच्या खोलीत, दुष्काळात. तिला खरं वाटेना. म्हणून लिहायला बसलोय. इतकी वर्षं कुणापाशी बोललो नाही, हेही एक कारण आहे.

ती सहकाराची वर्षं होती. ज्या गावाला प्यायचं पाणी टँकरनं यायचं, त्या गावातसुद्धा एखादी संस्था, तिची पाटी आणि बैठकीत भांडणारे अकरा संचालक असायचेच. आमची उपसा सिंचन संस्था. तलावातलं पाणी पंपानं उचलायचं, माळावरच्या हौदात टाकायचं आणि तिथनं पाटानं पाळीपाळीनं शेतांना द्यायचं, एवढंच काम. पण चेअरमननी पुण्याच्या प्रदर्शनात कॉम्प्युटर बघितला आणि आल्या आल्या ठराव घातला, आपल्याला बी पाहिजे. आला. नारळ फुटला, चपला बाहेर काढायचा नियम झाला, यंत्र तापू नये म्हणून वाळ्याचा कूलर बसला. त्या कूलरला रोज दोन घागरी पाणी लागायचं. गावात बाया हंड्यासाठी एकमेकींच्या झिंज्या उपटत होत्या आणि हे यंत्र गार हवा खात बसलेलं! मला त्याचा राग यायचा, आणि त्या गार हवेत बसायला बरंही वाटायचं. दोन्ही खरं.

यंत्र चालवायला मला घेतलं. मी सोलापुरात डिप्लोमा केलेला, आमच्या बौद्धवस्तीतला पहिला पगारदार. आमचं गाव परंड्याहून तीन-चार कोस, सोनारीच्या वाटेला; मी परंड्यातच ऑफिसजवळ राहायचो. वस्ती गावाच्या शेवटाला आणि वस्तीची शेतं पाटाच्या शेवटाला. ते तसं का, हे आमच्याकडं कुणी विचारत नसे. वडील मी शाळेत असतानाच गेले. दीड एकर रान आईनं एकटीनं ओढलं. संस्थेचं पाणी पहिल्यांदा आमच्या बांधापर्यंत पोचलं त्या साली तिनं लिंबोणीची चाळीस झाडं लावली. वस्तीत तोवर कुणी बाग लावलीच नव्हती. ज्वारी एका पावसावर निघते. झाड लावायचं म्हणजे पुढची दहा सालं पाणी मिळंल असं धरून चालायचं. लोक हसले. तिनं चार सालं झाडं जपली आणि त्या उन्हाळ्यात पहिला बहर धरला होता.

आता कोडचं सांगतो. कॉम्प्युटरला उठवणारी, कुठल्या कामाला कधी नि किती वेळ द्यायचा ते ठरवणारी जी मूळ आज्ञावली, ती ऑपरेटिंग सिस्टीम. पाटाचं पाणी वाटणारा माणूस म्हणजे आमचा पाटकरी; यंत्रातला पाटकरी म्हणजे ही. यंत्राबरोबर आलेली सिस्टीम कुलूपबंद होती, आत काय आहे ते बघायचीही सोय नाही. सोलापूरच्या आमच्या सरांनी मला दुसरी दिली. परदेशातल्या कुणा मास्तरानं विद्यार्थ्यांना शिकवायला लिहिलेली. तिचा सोर्स कोड, म्हणजे ती ज्या हजारो ओळींची बनलीय त्या सगळ्या ओळी, उघड्या. वाचा, बदला, दुसऱ्याला द्या. मी चाटच पडलो. आमच्या भागात अजून काही विहिरी सगळ्यांना उघड्या नव्हत्या, आणि हा कोण कुठला मास्तर आपलं अख्खं डोकं उघडं करून ठेवतो!

तुळजापूरकडच्या एका सूतगिरणीत माझ्याच वर्गातला मित्र लागला होता, पुजाऱ्याच्या घरातला. त्याच्याकडंही तसलंच यंत्र. आम्ही दोघांनी मिळून ती सिस्टीम आपल्या कामाची करायला घेतली. सावड असते ना, आज तुझ्या रानात माझे बैल, उद्या माझ्या रानात तुझे, तसं. प्रिंटरवर देवनागरी उमटेना, ते त्यानं केलं. लाईट गेली की यंत्र भ्रमिष्टासारखं करायचं, ते मी आवरलं. मूळ प्रत माझ्याकडं. त्यानं बदल केला की फ्लॉपी एसटीनं यायची, पेढ्यांच्या खोक्यात, दोन पुठ्ठ्यांच्या मधी घालून. खोक्यात खरेच चार पेढेही असायचे. चिठ्ठीत लिहायचा, 'प्रसाद म्हणून नको असंल तर पेढा म्हणून खा. काकूंना जयभीम.'

आणि आमचा नियम? तो संस्थेनं घालून दिला. मी यंत्राच्या आतल्या ओळी बदलतो हे चेअरमनना कळलं तेव्हा ते खुर्चीतनं उठलेच. "ठरावाबिगर? आरं इंजिनेर, हितं शिपायाची रजा बी ठरावानं मंजूर व्हती!"

मग एक जाड रजिस्टर आलं. बदल काय, सूचक कोण, अनुमोदक कोण, दोघांच्या सह्या. सूचकानं स्वतःच अनुमोदन द्यायचं नाही. लिहिलेलं खोडायचं नाही. मी आधी पोट धरून हसलो, पण चार महिन्यांत कळलं की पद्धत झकास आहे. पाळली तर.

न पाळल्यावर काय होतं ते मी सर्वसाधारण सभेत बघतच होतो. सचिव विषय वाचायला तोंड उघडायचा, तोवर मागच्या रांगेतनं 'मंजूर! मंजूर!' चालू. बाहेर भज्यांचा वास सुटलेला असायचा ना. मी मित्राला लिहायचो, आंधळं दळतंय नि कुत्रं पीठ खातंय. आपण असलं करायचं नाही. आणि पहिलं दीड वर्ष आम्ही केलंही नाही. त्याचा एकेक बदल मी ओळ न् ओळ वाचायचो, आठ-आठ प्रश्न काढून पाठवायचो. तोही माझ्या चुका काढायचा. मजा होती.

आता जे सांगायचंय ते सगळ्यात अवघड. तो एकदा आमच्या घरी आला. मी आधीच कळवलं होतं, वस्तीत यावं लागंल, बघ बाबा चालतंय का. तो आला, चुलीपुढं मांडी घालून बसला, आईच्या हातची भाकरी आणि ठेचा हाणला, रांजणात स्वतः तांब्या बुडवून पाणी प्याला, आणि वर "काकू, अजून अर्धी वाढा" म्हणाला. तुळजापूरच्या पुजाऱ्याचं पोरगं! आई त्या दिवशी चार घरी सांगून आली. आपण काही विशेष केलं असं त्याला वाटलंच नव्हतं. मला मात्र वाटलं. त्यानंतर त्याची फ्लॉपी आली आणि मी प्रश्न काढायला बसलो की हात अडखळायला लागला. जो आपल्या घरचं पाणी प्याला, त्याच्या कामात खोडी काढायच्या? आठ प्रश्नांचे तीन झाले, तिनाचा एक झाला. खाल्ल्या मिठाला जागतात लोक; मी पाजलेल्या पाण्याला जागत होतो. अक्कल बघा!

तशात ते दुष्काळाचं साल आलं. तलाव पाडव्याआधीच तळाला गेला. बोर्डानं ठरवलं, उन्हाळ्यात एकच पाळी. पाटाच्या तोंडापासनं शेपटापर्यंत एकशे एकोणीस खातेदारांना एकेकदा पाणी द्यायचं आणि मग उरलेलं पिण्याला राखायचं. बहर धरलेल्या लिंबोणीला ती एक पाळी चुकली की संपलं. आई म्हणाली, "येईल न्हवं पानी आपल्यापत्तूर?"

"अगं, यादी माझ्याच हातानं निघणार!" मी म्हणालो. हे मी बोललोय. माझ्या तोंडानं.

त्याच आठवड्यात पेढ्यांचं खोकं आलं. तहसीलनं आमचं यंत्र टँकरच्या फेऱ्या छापायला मागून घेतलेलं. सकाळी मी कचेरीत, दुपारी यंत्रापुढं, भाकरी खायला फुरसत नाही. चिठ्ठी वरवर बघितली. 'लिहिण्याचं काम वेगानं व्हावं म्हणून बदल केलाय. गिरणीत आठ दिवस चालवतोय. काकूंना जयभीम.' म्हटलं, आठ दिवस चाललाय ना, झालं तर. चिठ्ठी रजिस्टरात सारली आणि अनुमोदक म्हणून सही ठोकली. बदलाची एक ओळ वाचली नाही. पेढा मात्र खाल्ला.

दोन दिवसांनी पाणीपाळीची यादी भरली. पडद्यावर वरपासनं खालपर्यंत दोनदा बघितली. एकशे सतराव्या जागी आईचं नाव. ते तर काचेला बोट लावून बघितलं. पाच वाजता यंत्र बंद केलं. सकाळी चालू केलं, यादी प्रिंटरला सोडली आणि तसाच तहसीलला पळालो. कागद शिपायानं प्रिंटरवरनं फाडून घेतला. एक फलकावर डकवला, एक पाटकऱ्याला दिला.

पुढं महिनाभर मला गावाकडं फिरकता आलं नाही. चैत्रात सोनारीच्या जत्रेची सुट्टी मिळाली तशी सायकल काढली. पाळी संपून आठवडा झाला होता. भिजलेलं रान बघायला मिळंल म्हणून आधी घरी न जाता शेताकडंच वळलो.

बांधावर पोचलो आणि सायकल हातातनं सुटली. पानांच्या सुरळ्या झालेल्या. जमिनीला मनगट जाईल एवढ्या भेगा. सुपारीएवढी लिंबं झाडाखाली गळून पडलेली, पिवळी आणि टणक. आणि आई डोक्यावर हंडा, कमरेवर घागर घेऊन या झाडाकडनं त्या झाडाकडं. टँकरचं पाणी होतं ते, तिच्या वाटणीचं, प्यायचं. तांब्या तांब्या ओतत होती.

"आई, पाळी झाली ना?"

तिनं हंडा खाली ठेवला, पदरानं तोंड पुसलं. "आलास? जेवून घे आदी."

"पाळी झाली का नाही ते सांग. रान तर भिजलेलंच दिसत नाही!"

"झाली आसंल ज्याची त्याची." ती माझ्याकडं बघतच नव्हती. "लई ऊन हाय. घरला चल."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, पाटकऱ्यानं कुणाचं तरी ऐकून वरच पाणी तोडलं. तसाच माळावरच्या हौदापाशी त्याच्या खोपीत गेलो. म्हातारा बिडी ओढत बसला होता.

"मामा, आमच्या वस्तीचं पाणी कुठं मुरलं?"

त्यानं बिडी विझवली. डोक्याची टोपी काढली, टोपीतली प्लास्टिकची पिशवी काढली, पिशवीतनं घडी घातलेला कागद काढला. "साहेब, चूळभर पानी म्या हिकडचं तिकडं केलेलं न्हाय. कागदावर जेवडी नावं तेवड्यांना दिलं. घ्या, बगा. तुमचाच कागद हाय."

कागद एकशे बाराव्या नावाला संपत होता. सरळ, स्वच्छ. खाली कोरी जागा. पुढची सात नावं नव्हतीच. सातही आमच्या वस्तीची. मी कागद उन्हात धरला, पुन्हा वाचला, बोट लावून मोजला. यादी चुकली ते एक, पण सात घरांतला एक माणूस महिनाभरात ऑफिसात आला नव्हता. एक तक्रार नाही, एक शिवी नाही. असं कसं होईल?

दुसऱ्या दिवशी सकाळी थेट चेअरमनच्या घरी. ते ओसरीवर दाढी करत होते.

"साहेब, आमच्या वस्तीची नावं यादीतनं कुणी काढली?"

त्यांनी आरशातनंच माझ्याकडं बघितलं. "म्हंजी? तूच काढली न्हवं?"

"मी?"

"आरं, म्या फलकावर बगितलं तवाच म्हणलं, पोरगं शहाणं हाय. तलावात पानी कमी, कुनाला तरी वगळावं लागनारच हुतं. ह्यानं आपल्या घरापासनं सुरवात केली, म्हंजी कुनी बोट दावाय नको. बोर्डात तुजी तारीफ केली म्या. इचार कुनाला बी."

तारीफ! हा माणूस दुष्ट नव्हता हो. माझी नोकरी त्यांनीच लावलेली, माझ्या आजारपणात त्यांच्या घरनं डबा यायचा. अकरा संचालकांनी तो कागद बघितला होता आणि अकराच्या अकरा जणांना त्यात काही चुकलंय असं वाटलं नाही. यादीतली मधली सात नावं गळाली असती तर दुपारच्या आत ऑफिसच्या पत्र्यावर दगड पडले असते.

"मी नाही काढली," एवढंच कसंबसं बोललो आणि ऑफिसात आलो. यंत्र चालू केलं. डिस्कवरची यादी, एकशे बारा. सात नावं पुन्हा घातली. पडद्यावर एकशे एकोणीस. यंत्र बंद केलं, पुन्हा चालू केलं. एकशे बारा! शाळेत घोकलेला पाढा आपोआप तोंडात आला: सोळा साते बारोदरसे, म्हणजे एकशे बारा. सोळाच्या पटीत तुटतंय म्हणजे हे माणसाचं काम नव्हतं, कोडचं होतं.

झालं होतं ते असं. सिस्टीम कुठलीही फाईल डिस्कवर नेताना तिचे सारख्या मापाचे तुकडे करते. आमच्या यादीची सोळा नावं एका तुकड्यात बसायची. रोजगार हमीच्या कामावर बाया मातीची पाटी भरल्याशिवाय उचलत नाहीत. मित्राच्या बदलानं यंत्राला तेच शिकवलं होतं. तुकडा पुरा भरला तरच डिस्कवर न्यायचा, फेऱ्या वाचतात. पण काम संपल्यावर उरलेली अर्धी पाटीही उचल, असं सांगणारी ओळच त्यात नव्हती. यंत्र चालू असेतो ती अर्धी पाटी मेमरीत असायची, म्हणून पडद्यावर सगळी नावं दिसायची. यंत्र बंद केलं की ती गेली. आडात नाही तर पोहऱ्यात कुठनं येणार? गिरणीतलं यंत्र कधी बंदच व्हायचं नाही, म्हणून तिकडं आठ दिवसांत कुणाला काही कळलं नाही. आणि शेवटच्या अर्ध्या पाटीत कोण असणार? पाटाच्या शेवटी जे, यादीच्या शेवटी तेच.

दोन ओळी घातल्या आणि ते दुरुस्त झालं. दोन ओळी!

चेअरमनना ओढत आणलं, पडद्यावर दाखवलं, बंद-चालू करून दाखवलं. म्हटलं, सात घरांना एक दिवस पंप चालवा, पाया पडतो. ते मला जीपमध्ये घालून तलावावर घेऊन गेले. पंपाच्या विहिरीत वाकून बघायला लावलं. खाली गाळ आणि मधी परातीएवढं पाणी. "बग," ते म्हणाले, "आता ह्यातनं काय देऊ? जे हाय ते पिन्याचं, त्याला सरकारचं कुलूप हाय."

मग माझा सगळा राग तुळजापूरकडं वळला. दुसऱ्या दिवशी रजिस्टर बगलेत मारलं आणि पहाटेची एसटी धरली. वाटभर शिव्या जुळवत गेलो. गिरणीच्या फाटकात त्याला बोलावलं आणि रजिस्टर त्याच्या छातीवरच आदळलं. "काय करून ठेवलंस हे? आईची बाग गेली! सात घरांचं पाणी गेलं!"

त्यानं सगळं ऐकलं. मग हळूच म्हणाला, "तू वाचलं नाहीस?"

"काय?"

"चिठ्ठी. मागच्या बाजूला."

चिठ्ठी रजिस्टरातच होती. काढली, उलटली. त्याच्या बारीक अक्षरात लिहिलेलं: 'फाईल बंद करतानाचं मला नीट जमलेलं नाही. अर्धा तुकडा कुठं जातो कळत नाही. तू तपासल्याशिवाय आत घालू नकोस. तुझ्या नजरेतनं सुटायचं नाही ते.'

मी फाटकाच्या दगडावर मटकन बसलो.

"तू आठ-आठ प्रश्न काढायचास," तो म्हणाला, "म्हणून तर मी अर्धं काम निर्धास्त धाडायचो. हल्ली काढणं का सोडलंस?"

खोटं काय बोलणार? सांगून टाकलं. तू आमच्या घरी जेवलास, पाणी प्यालास, तेव्हापासनं तुझ्या चुका काढायला जीव धजत नव्हता.

तो म्हणाला, "म्हणजे जेवलो तरी तुझ्या लेखी मी पुजाऱ्याचाच पोरगा राहिलो होय रे?" त्याचे डोळे भरले होते. मला तोंड लपवावंसं वाटलं. त्या माणसानं मला बरोबरीचा धरला होता, आणि बरोबरी मोडली होती मी. त्याला तपासायचं सोडून ओवाळत बसलो होतो.

तो तशाच कपड्यांवर माझ्याबरोबर निघाला. "काकूंना मी सांगतो," म्हणाला. घरी पोचलो तेव्हा दिवस कलला होता. दारात वाळक्या फांद्यांचा भारा पडलेला. आईनं आधी त्याला तांब्याभर पाणी दिलं. तो पाणी प्याला. मग "काकू, चूक माझी..." एवढंच बोलला. तो उंबऱ्याशीच उभा राहिला.

मी आईपुढं बसलो आणि सगळं सांगितलं. पाटी, अर्धी पाटी, डिस्क, मेमरी, जेवढं सोपं करता आलं तेवढं करून. माझं संपल्यावर म्हणाली, "आसू दे रं. मला ठावं हुतं."

"काय ठावं होतं?"

"तूच काडलीस नावं. बाया म्हनल्या, हापिसात जाऊ, तुज्या पोराला इचारू. म्या त्यास्नी हात जोडले. म्हनलं, न्हाय. पहिलीच नोकरी हाय त्याची. आदी आपल्याच लोकांची नावं काडली म्हंजी त्याच्यावर कुनी बोट दावनार न्हाय, त्याची नोकरी ऱ्हाईल. झाडं काय, परत लावू."

म्हणजे सहा घरं गप्प बसली ती हिच्यामुळं. महिनाभर ही बाई प्यायचं पाणी झाडांना घालत होती आणि मनात धरून होती, की पोटच्या पोरानं आपलं पाणी तोडलंय. आणि तिनं मला माफसुद्धा करून टाकलं होतं!

"आई, मी नाही गं काढली!" मी ओरडलोच. "यंत्रात चूक होती. चेअरमनना दाखवलंय मी. हे बघ, ह्या रजिस्टरात सगळं लिहिलंय." मी रजिस्टर उघडून तिच्या पुढ्यात धरलं.

तिला वाचता येत नव्हतं. पण माझी सही ती ओळखायची. शाळेत असल्यापासनं पाटीवर गिरवताना बघितलेली. तिनं रकान्यावरनं बोट फिरवत नेलं आणि बरोबर तिथं आणून ठेवलं.

"ही तुजीच न्हवं?"

"व्हय."

"मग?"

आई उठली. दारातल्या भाऱ्यातनं लिंबोणीची एक फांदी ओढून तिनं गुडघ्यावर मोडली, चुलीत सारली आणि आम्हा दोघांसाठी चहा ठेवला.